फ्लॉरेन्सला तीन रात्री द्या

युरोपच्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. सकाळी पिसाचा कललेला मनोरा, दुपारी फ्लॉरेन्सचा मुख्य चौक, जुन्या पुलावर फोटो, आणि दिवेलागणीला बस रोमच्या रस्त्याला. इतक्या लांब जायचं, व्हिसासाठी खेटे घालायचे, आयुष्यभराची पुंजी मोडायची आणि या शहराला चार तास द्यायचे, हे मला बघवत नाही. पहिल्यांदा इटलीला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते : यादीतलं एखादं शहर गाळा, पण इथे तीन रात्री राहा.

आधी नावाचं. फ्लॉरेन्स हे इंग्रजी नाव. तिथल्या पाट्यांवर आणि रेल्वेच्या तिकिटावर ‘फिरेन्झे’ लिहिलेलं असतं. शहराच्या मधोमध असलेलं स्टेशन म्हणजे ‘सान्ता मारिया नोव्हेला’. रोमहून वेगवान गाडी साधारण दीड तासात इथे आणून सोडते. विमानाने आलात तर ट्रामची दुसरी लाइन विमानतळावरून थेट शहरात येते, टॅक्सीची गरज पडत नाही. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते छापून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. आणि भाड्याची मोटार घेऊन जुन्या शहरात शिरू नका. तिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस आपण घरी परतल्यावर येते.

पत्ता शोधताना मात्र डोळे उघडे ठेवा. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरांना दोन प्रकारचे नंबर असतात. राहती घरं काळ्या किंवा निळ्या आकड्यांची, दुकानं आणि खानावळी लाल आकड्यांच्या, आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते. लाल १२ आणि काळा १२ यांच्यात कितीतरी दारांचं अंतर असू शकतं. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ हे रोमन अक्षर दिसलं की तो लाल समजायचा. सामान घेऊन एका बंद दारासमोर पंधरा मिनिटं घंटी दाबत उभी राहिले, तेव्हा मला हे कळलं.

आता घुमटाकडे. सान्ता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलची पायाभरणी १२९६ सालची. सव्वाशे वर्षांनंतरही त्याच्या डोक्यावर सुमारे ४५ मीटर रुंदीचं भोक तसंच होतं, कारण एवढं अंतर झाकणारा घुमट बांधायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं. खालून लाकडी आधार उभारावा तर तेवढं लाकूड कुठून आणायचं? फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्याने तो आधार न देताच घुमट उभा करून दाखवला, १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत. त्याने एकात एक असे दोन घुमट बांधले, आणि विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा अडकवल्या, म्हणजे चुना वाळायच्या आत वरचा थर खाली घसरणार नाही.

ही युक्ती वाचून कळत नाही, चढून कळते. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. शेवटचा चढ दोन घुमटांच्या मधल्या बोळातून जातो. तिथे माणूस जेमतेम मावतो, एका खांद्याला आतला घुमट आणि दुसऱ्या खांद्याला बाहेरचा. चढता चढता भिंतच अंगावर कलायला लागते. हात लावला की त्या तिरक्या नक्षीत बसवलेल्या विटा बोटांना लागतात, सहाशे वर्षांपूर्वी गवंड्याने जशा ठेवल्या तशा. गुडघे कुरकुरत असतील किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर चढू नका, कारण मधूनच मागे फिरता येत नाही. बाकीच्यांनी मात्र हे चुकवू नये. घुमटाच्या तिकिटावर चढायची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळा लवकर संपतात, म्हणून तारीख नक्की झाली की आधी हेच आरक्षण करा. खाली कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात बायकांनी एक ओढणी पिशवीत ठेवली की काम भागतं.

उफीझी संग्रहालय आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड असलेली अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. त्यामुळे रविवार-सोमवार असा मुक्काम टाळलेला बरा. दोन्हीची तिकिटं आधी काढा, आणि दोन्ही एकाच दिवशी पाहू नका. उफीझीत बोत्तिचेल्लीच्या दालनापर्यंत पोचेतोच मन भरून येतं. त्यापुढे पाय चालत राहतात, पण डोळे काही घेत नाहीत. १५०४ साली पूर्ण झालेला डेव्हिड १८७३ पर्यंत चौकात ऊनपाऊस खात उभा होता. आज चौकात दिसते ती प्रतिकृती. मूळ पुतळा पाच मीटरहून उंच आहे. त्याच्या उजव्या हाताकडे नीट बघा, शरीराच्या मानाने हात मोठा आहे आणि मनगटावर शिरा तटतटलेल्या आहेत. गर्दीचा कंटाळा आला तर जवळच सान मार्कोचा मठ आहे. तिथे भिक्षूंच्या एकेका खोलीत फ्रा आंजेलिकोने एकेक भित्तिचित्र काढलंय. रिकामी खोली, एक खिडकी, एक चित्र. मला विचाराल तर अख्ख्या शहरातली ही सगळ्यात शांत जागा.

एवढं सगळं एकाच गावात कसं टिकलं, याचं श्रेय बरंचसं एका बाईला जातं. आन्ना मारिया लुईझा ही मेदिची घराण्यातली शेवटची वारस. सत्ता दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे दिसत असताना तिने १७३७ साली नव्या राज्यकर्त्यांशी करार केला. घराण्याचा सगळा कलासंग्रह त्यांच्या हवाली करायचा, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यायची नाही, अशी त्यात अट होती. दुसऱ्या कितीतरी राजघराण्यांचे संग्रह विकले गेले, विखुरले गेले. हा शाबूत राहिला. उफीझीत शिरताना तिची आठवण ठेवा.

जेवणाचं थोडक्यात. आपण शिळ्या पोळीला फोडणी देतो, तसं इथे शिळ्या पावाचं करतात. ‘रिबोल्लिता’ म्हणजे पाव, पांढऱ्या दाण्यांचा घेवडा आणि काळपट कोबी घालून केलेलं दाट सूप, आणि ‘पाप्पा आल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटो आणि पावाचं. शाकाहारी माणसाला दोन्ही चालतात, फक्त आत मांसाचं पाणी नाही ना, हे विचारून घ्या. पाव अळणी असतो, तो तसाच असायचा. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, टेबलाशी बसलं की दर वाढतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लावतात. ती फसवणूक नव्हे, रीतच आहे. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळेल अशी आशा धरू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी काशिने बागेत जा. पहिल्या लाइनची ट्राम बागेपाशी थांबते. तिथून आर्नो नदीच्या कडेकडेने झाडांतून पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत राहायचं, चांगली अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे. मुन्योने नावाची छोटी नदी जिथे आर्नोला मिळते तिथे एक छत्री उभी आहे. आपल्याकडच्यासारखीच छत्री, आणि तिच्याखाली पगडी घातलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे राजाराम छत्रपती, राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ते इथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय २० वर्षं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, आणि तिथे कोणी कधी चिता पाहिली नव्हती. परवानगीसाठी धावपळ झाली, आणि दोन नद्यांचा संगम पाहून याच जागी अंत्यसंस्कार झाले. छत्री १८७४ ची. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला. पुतळा चार्ल्स फुलर यांनी घडवला.

फ्लॉरेन्सकरांना ही जागा ‘इंदियानो’ म्हणून माहीत आहे. शेजारून जाणाऱ्या १९७८ च्या पुलाचं नावही तेच, ‘पोन्ते आल इंदियानो’, हिंदी माणसाचा पूल. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. इथे तिकीट नाही, रांग नाही, गाइड नाही. मी गेले तेव्हा एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, तेवढंच. जमलं तर मंगळवार गाठा. त्या दिवशी सकाळी याच बागेत मोठा आठवडी बाजार भरतो. तिथून चार फुलं घ्या आणि संगमापर्यंत चालत जा.