फोन ठेवला, हे राउटरला कळतं कसं?

लँडलाइनचा रिसीव्हर उचलला की दोन तारांचं मंडल पूर्ण होतं. एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट या तारांवर कायम असतात; मंडल जुळताच प्रवाह वाहू लागतो आणि ग्राहकाला बोलायचंय हे एक्स्चेंजला समजतं. रिसीव्हर ठेवला की प्रवाह बंद.

ऑफिसातला राउटर हे जुनं संभाषण नेटवर्कवर नेतो. आवाजाचं काम तुलनेनं सोपं आहे. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट, की झालं. खरी कसोटी लागते ती 'उचलला', 'वाजव', 'ठेवला' हे न बोललेले निरोप ओळखताना. त्यासाठी राउटरवर दोन प्रकारचे पोर्ट असतात आणि दिसायला ते अगदी सारखे. एफएक्सएस पोर्ट एक्स्चेंजची भूमिका घेतो: फोनला वीज, डायल टोन आणि घंटी पुरवतो. एफएक्सओ पोर्ट स्वतःच टेलिफोन होऊन एक्स्चेंजच्या लाइनला जोडला जातो. एफएक्सओमध्ये फोन खुपसला तर तो मुकाच राहतो, कारण दोघंही विजेची वाट पाहत बसतात.

सगळ्यात जास्त छळतो तो एफएक्सओ. बाहेरून फोन आला, पोर्टनं उचलला, बोलणं झालं आणि समोरच्यानं फोन ठेवला. आता हे पोर्टला सांगणार कोण? एक्स्चेंजनं क्षणभर प्रवाह तोडला किंवा दोन तारांची ध्रुवता उलटवली, तर कळतं. (समोरच्यानं फोन उचलला, हे एसटीडी बूथवरचं बिलाचं यंत्र अशाच उलटापालटीवरून ओळखायचं.) पण पुष्कळ लाइनींवर यातलं काहीच येत नाही. येतो फक्त एंगेज टोन, आणि राउटर तोही माणसाचा आवाज समजून इमानेइतबारे पलीकडे पोहोचवत राहतो. पोर्ट अडकतो. पुढच्या ग्राहकाला लाइन सतत एंगेज लागते.

उपाय म्हणजे राउटरला तो टोन ओळखायला लावणं. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा, पाऊण सेकंद थांबणारा. अमेरिकेचा ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून, अर्धा-अर्धा सेकंद. अमेरिकी मांडणीवर ठेवलेल्या राउटरला म्हणूनच आपला टोन ओळखता येत नाही. सेटिंगमध्ये देश बदलणं ही एका ओळीची गोष्ट आहे, पण ती राहून गेली की दोष बिचाऱ्या लाइनीवर जातो.

'ग्राउंड स्टार्ट' पद्धतीत ही अडचण मुळातच कमी. तिथे लाइन हवी असेल तर एक तार जमिनीला जोडून ती मागायची. एक्स्चेंज दुसऱ्या तारेवर तसंच उत्तर देतं आणि काम संपल्यावर ते काढून घेतं. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लाइन पकडण्याची टक्करही त्यामुळे टळते. दोन खासगी एक्स्चेंज जोडणाऱ्या 'ई अँड एम' पोर्टवर तर अशा निरोपांसाठी वेगळ्या ताराच असतात.

साध्या लाइनीवर मात्र बसवणाऱ्याची चाचणी फक्त 'हॅलो, आवाज येतोय का?' एवढ्यावर संपू नये. बाहेरून फोन करावा, मध्येच ठेवावा आणि पोर्ट किती सेकंदांत मोकळा होतो ते पाहूनच कामावर सही करावी.