लाडका खेळाडू: ठेवायचा की सोडायचा?

आइस हॉकीतल्या सेंट लुईस ब्लूज संघाचा पॅट मरून आठवतोय? त्याच शहरातला पोरगा! 2019 च्या प्लेऑफमध्ये डॅलसविरुद्ध सातवा सामना, दुसरा ओव्हरटाइम. सहकारी थॉमसचा फटका खांबाला लागून गोलकीपरवर आदळला, आणि मरूनने पक आत ढकलला. पुढे ब्लूजने पहिलावहिला स्टॅनली कप जिंकला.

तरी ब्लूजशी मरूनचा नवा करार झाला नाही. एनएचएल या त्यांच्या लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. पुढच्या मोसमात ती 8.15 कोटी डॉलर होती, आणि त्यातच सगळ्यांचे पगार बसवायचे. मरून 9 लाख डॉलरवर टँपा बे संघात गेला आणि 2020, 2021 मध्येही कप जिंकला!

माझं मत स्पष्ट आहे: मरूनसारखा खालच्या फळीतला लाडका खेळाडू जरूर ठेवावा, पण एकाच वर्षाच्या, बेताच्या करारावर. प्रेमापोटी लांबलचक करार केला, तर उद्याच्या तरुणांसाठी पैसा उरत नाही. तुम्हाला काय वाटतं?