टॉमची सिगारेट, शिनचॅनचा नाच

खारघरमधल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी पोरं खाली उतरतात. कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या मल्याळी, कुणाच्या भोजपुरी. खेळताना मात्र सगळ्यांची हिंदी एक, आणि तिचे हेल थेट कार्टूनमधले. उत्तर लांबट सुरात द्यायचं, आईला बेधडक नावाने हाक मारायची, ही तऱ्हा जपानी कार्टूनमधल्या शिनचॅनची. आयांची तक्रारही नेमकी तीच, आणि ती आजची नाही.

हंगामा वाहिनीवर शिनचॅन २००६ मध्ये हिंदीत सुरू झाला. पालकांच्या तक्रारी वाढल्या आणि २००८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो बंद करायला लावला. २००९ मध्ये तो परतला, पण कात्री लागूनच. चड्डी खाली करून केलेला त्याचा कुप्रसिद्ध नाच या कात्रीचं पहिलं गिऱ्हाईक.

या प्रकरणाच्या मुळाशी मला एक गैरसमज दिसतो: कार्टून म्हणजे मुलांचं. व्यंगचित्रकार योशितो उसुई यांनी १९९० मध्ये शिनचॅन काढायला घेतला तो मोठ्यांच्या साप्ताहिकासाठी. घराचे हप्ते फेडणारा नोकरदार बाप, सेलमागे धावणारी आई आणि त्यांची लक्तरं चारचौघांत मांडणारा पाच वर्षांचा पोरगा. विनोद संसाराचा आहे. खारघरच्या कुठल्याही टू बीएचकेत तो चपखल बसेल. आपण मात्र तो शाळेतून आलेल्या मुलांपुढे ठेवला आणि मग दचकलो.

अमेरिकेतही असंच झालं होतं. टॉम आणि जेरी १९४० मध्ये जन्मले ते चित्रपटगृहांसाठी. मुख्य चित्रपटाआधी मोठी माणसंही हे लघुपट पाहून खो खो हसत. टीव्ही आला, जुने लघुपट मुलांच्या वेळेत लागू लागले आणि त्यांच्यावर नव्याने नजर फिरली. ट्वीटी या पक्ष्याची गोष्ट तर टीव्हीच्याही आधीची. १९४२ च्या लघुपटात हे पिल्लू गुलाबी, बिनपिसांचं होतं. ते उघडं दिसतं अशी हरकत आली आणि पुढे त्याच्या अंगावर पिवळी पिसं चढली.

२००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाने ऑफकॉम या नियामकाकडे तक्रार केली, फक्त एकाने. ‘टेक्सस टॉम’मध्ये मांजरीवर छाप पाडायला टॉम एका हाताने सिगारेट वळतो आणि ऐटीत ओढतो. तक्रारीनंतर ही कार्टून दाखवणाऱ्या टर्नर कंपनीने आपल्या संग्रहातली दीड हजारांहून जास्त कार्टून तपासायला घेतली. धूम्रपान रुबाबदार वाटेल अशी दृश्यं काढायची ठरली. पण टॉमच्या त्या ऐटीचीच तर तिथे टर उडवलेली आहे! हा शेखी मिरवणारा गडी पुढे आपटणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं. ती सिगारेट गेली की त्याचं आपटणं अर्धं फुकट जातं.

प्रत्येक कात्री चुकीची, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘टॉम अँड जेरी’मधली घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई आठवा. आपल्याला तिचे फक्त पाय दिसायचे. तिच्या बोलण्यावरचं हसू एका अख्ख्या समाजाची टिंगल होती. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी तिचा आवाज बदलला, काही ठिकाणी तिच्या जागी नवीच बाई रेखाटली. कृष्णवर्णीय घरांतल्या मुलांनी दुपारच्या वेळी स्वतःचा अपमान का पाहायचा?

बंधनातून नवा विनोद निघाल्याचंही एक उदाहरण आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतले पालक कार्टूनमधल्या हाणामारीविरुद्ध उठले. वाहिन्यांनी मारधाडीच्या मालिका गुंडाळल्या आणि १९६९ मध्ये सीबीएसवर स्कूबी-डू आला. त्यातलं भूत शेवटी मुखवटा घातलेला माणूसच निघतं, आणि कुत्र्यासकट निम्मी टोळी भित्री. हाणामारीची जागा भित्रेपणाने घेतली आणि ती मालिका पिढ्यान्‌पिढ्या चालली.

आपल्याकडे चित्रपट आधी सेन्सॉर बोर्डाकडे जातो. टीव्हीवरच्या मालिकेला अशी आगाऊ तपासणी नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे: मुलांच्या कार्यक्रमात वाईट भाषा आणि उघड हिंसा नको, आणि मुलं जास्त संख्येने पाहतात त्या वेळी त्यांना न शोभणारं काही नको. ती पाळायची वाहिनीने. त्यामुळे काय कापायचं हे बहुतेक वेळा वाहिनीच ठरवते, आणि तक्रारीच्या धास्तीने ती हात जरा जास्तच चालवते. दृश्य कापलं की प्रसंगाला भोक पडतं. डबिंगमध्ये संवाद नव्याने लिहिला तर विनोद जिवंत राहतो. म्हणून हिंदी संवाद लिहिणाऱ्यांचं काम मला कात्रीपेक्षा मोलाचं वाटतं.

२०२१ पासून तक्रारीची वाट सोपी झाली आहे. तक्रार आधी वाहिनीकडे करायची, वाहिनीने पंधरा दिवसांत निकाली काढायची. समाधान झालं नाही तर स्वनियमन संस्थेकडे जायचं, आणि त्यावर केंद्राची देखरेख. आमच्या सोसायटीतल्या आयांना मी सांगते, मालिकाच बंद करा असं लिहू नका. कुठला भाग, कुठल्या वेळी लागला, नेमकं कुठलं वाक्य खटकलं, ते लिहा. एक वाक्य बदलता येतं.