डायलिसिसवरील भाविकांचा उपवासकाळ

उपवासकाळ जवळ आला की डायलिसिसवर असलेल्या भाविकांच्या मनात प्रश्न येतो : आपण उपवास करावा का? अंबरनाथ व बदलापूर यांच्यामध्ये वसलेल्या चिखलोलीतील बंधुभगिनींसाठी आम्ही त्याचा खुलासा करीत आहोत. राखेच्या बुधवारचा व शुभ शुक्रवारचा उपवास ख्रिस्तसभेने १८ ते ५९ वर्षे वयाच्या भाविकांना सांगितला आहे. आजारी माणसावर त्याचे बंधन नाही.

डायलिसिसमध्ये रक्तातील टाकाऊ द्रव्यांबरोबर प्रथिनांचे घटकही निघून जातात. त्यामुळे अशा रुग्णाला रोज दर किलो वजनामागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्यांनी अंड्याचा पांढरा भाग किंवा ताजी मासळी घ्यावी. खारवलेली सुकी मासळी मात्र नको. मिठाने तहान वाढते आणि पुढच्या डायलिसिसपर्यंत पाणी अंगात साठते. त्यागच करायचा तर लोणचे-पापड सोडावेत, असे आम्हांस वाटते.

खरा धोका फराळात आहे. केळी, खजूर, शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम भरपूर असते. ते रक्तात फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवतो. कमरख तर या रुग्णांना विषासमान आहे.

डॉक्टरांच्या संमतीने डायलिसिस नसलेल्या दिवशी थोडे चालावे. त्याने स्नायूंची झीज कमी होते. दम लागल्यास किंवा छातीत दुखल्यास लगेच थांबावे. फिस्टुला असलेल्या हातात बाजाराची जड पिशवी धरू नये.