फुकटच्या कुपनाची किंमत

गेल्या रमजान ईदच्या खरेदीला आम्ही आष्ट्याहून सांगलीला गेलो, तेव्हा शेजारच्या खालाही बरोबर होत्या. कापडाच्या दुकानात बिलाबरोबर लकी ड्रॉचे कुपन मिळाले. पहिले बक्षीस स्कूटी. खालांना मराठी लिहिता येत नाही, म्हणून त्यांचे कुपन आम्हीच भरले. नाव, गल्ली, मोबाईल नंबर, जन्मतारीख. मास्तरकीची सवय, रकाना रिकामा ठेवणे हाताला जमत नाही. कुपन दारातल्या पेटीत टाकले आणि विसरून गेलो.

बकरी ईदला पंधरा दिवस राहिले असताना खाला हातात फोन घेऊन आमच्या दारात आल्या. एका माणसाने फोन करून स्कूटी लागल्याचे सांगितले होते. त्याला त्यांचे पूर्ण नाव ठाऊक होते, गल्ली ठाऊक होती, कापड कुठे घेतले तेही ठाऊक होते. जन्मतारीख तर त्यानेच सांगितली. नोंदणीचे म्हणून ४,५०० रुपये खालांच्या नातवाने पाठवूनही दिले होते. आता तो टॅक्सचे ९,००० मागत होता. "फारम तो तुमीच भरे थे ना?" खाला म्हणाल्या. आम्ही भरलेला फॉर्म खोटा कसा असेल, हा त्यांचा हिशेब. ते पैसे कुर्बानीच्या हिश्श्यासाठी बाजूला काढलेले होते.

आम्ही तिथूनच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावून तक्रार नोंदवली. पुढचे ९,००० वाचले. पहिले ४,५०० अजून परत आलेले नाहीत. दुकानदाराला जाऊन विचारले. तो म्हणाला, आम्ही कुणाला माहिती दिली नाही. पण पेटी महिनाभर दारातच होती आणि सोडत झाल्यावर कुपनांचे पोते कुठे गेले, हे त्यालाही सांगता येईना.

केबीसीच्या नावाने '२५ लाखांची लॉटरी लागली' असा व्हॉट्सॲप संदेश आपल्यापैकी अनेकांना आला असेल. तो बनावट असल्याचे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने वारंवार सांगितले आहे. कित्येकदा नंबर +९२ ने सुरू होतो, त्यामुळे सावध माणूस ओळखतो. खालांना आलेला फोन तसा नव्हता. तो आपल्याच हाताने लिहिलेल्या माहितीवर उभा होता, म्हणून खरा वाटला. पाच रकान्यांचे कुपन भरून देताना आपण अनोळखी माणसाला आपली ओळख सांगण्याची सोय करून देतो.

मग कुपन भरायचेच नाही का? पैसे देऊन घ्यायचे कुपन असेल तर प्रश्नच नाही. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगाराला मनाई आहे. खरेदीबरोबर मिळालेले कुपन भरायचे असेल तर नाव आणि एक नंबर पुरे. विजेत्याला कळवायला जन्मतारीख लागत नाही, लग्नाची तारीख तर नाहीच. ईदच्या सुमारास 'उमराह लकी ड्रॉ'च्या जाहिराती येतात आणि काही ठिकाणी फॉर्मबरोबरच आधार, पासपोर्टची झेरॉक्स मागतात. सोडतीआधी ती देऊ नये. पुढे कुठे आधार द्यावेच लागले, तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते.

नंबर कोणता द्यायचा, यावर घरात आधीच ठरलेले बरे. बँकेला जोडलेला नंबर देऊ नये. आमच्याकडे आता दोन सिमच्या फोनमधले दुसरे सिम अशा कामांसाठी आहे. मात्र ते नव्वद दिवस वापरलेच नाही तर कंपनी बंद करू शकते आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या कुणाला जातो, म्हणून त्याला बँक, आधार काही जोडायचे नाही. मुलींचा नंबर कुपनावर घालणे तर आम्ही पूर्ण बंद केले. ड्रॉच्या पेटीत हात कोण घालतो, ते आपल्याला ठाऊक नसते. नंतर रात्री-अपरात्री 'हाय' लिहून येणाऱ्या मेसेजचा त्रास मुलीला होतो आणि वर बोलणीही तिलाच खावी लागतात. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन तिचा फोटो आणि ग्रुपमध्ये जोडण्याची मुभा फक्त ओळखीच्या नंबरांपुरती करून द्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

'चक्र फिरवा, बक्षीस जिंका' छापाची ॲप आणखी पुढे जातात. आत शिरताच कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज पाहण्याची परवानगी मागतात. 'अलाऊ' दाबले की आपल्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर आपण त्यांना न विचारता देऊन टाकतो. 'पाच मित्रांचे नंबर द्या, एक कुपन जास्त मिळवा' हाही त्यातलाच प्रकार. दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय जाऊ नये, हे सूरह नूर आपल्याला सांगते. भावजयीचा नंबर तिला न विचारता लिहून देताना हे आठवत नाही. आम्हालाही आठवले नव्हते.

कायद्याचा आधार आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायदेशीर कारणाशिवाय दुसऱ्याला देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. पण गेलेला नंबर कायदा परत आणत नाही. नकोशा जाहिरातींसाठी १९०९ वर नोंदणी करता येते. मात्र कुपनाच्या तळाशी बारीक अक्षरात 'आमच्याकडून संपर्कास संमती आहे' असे असेल, तर त्या कंपनीचे फोन डीएनडी लावूनही येऊ शकतात. ती ओळ आधी वाचावी, जमल्यास खोडावी.

आणि बक्षिसाचा फोन आलाच तर? पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात. खालांच्या नातवाला हे ठाऊक होते, तरी तो फसला, कारण पलीकडचा माणूस 'मावशी, तुमची सही बघितली मी' म्हणाला होता. अशा वेळी फोन ठेवून स्वतः दुकानात जाऊन विचारावे. पैसे गेलेच असतील तर लाजत दोन दिवस घालवू नयेत. १९३० ला जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त. खालांचा नातू घरच्यांच्या धाकाने चार तास गप्प बसला होता.

गेल्या महिन्यात खाला पुन्हा आमच्याबरोबर बाजारात होत्या. बिल करणाऱ्या मुलाने नंबर विचारला. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि त्याला म्हणाल्या, "नंबर नै देती. पैसे ले, पावती दे."