कानाने वाचायचे हस्ताक्षर

जी दारात आली म्हणजे घरातल्या बायाबापड्या ती फोडण्याआधीच डोळ्यांना पदर लावीत, ती तार सरकारने जुलै २०१३ मध्ये रीतसर बंद केली, तेव्हा तिच्याबरोबर मोर्सची लिपीही दप्तरदाखल झाली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तारघरांतून ती आधीच हद्दपार झाली होती, आणि जहाजांवरची तिची सद्दीही १९९९ मध्ये संपली. परंतु ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्या हौशी रेडिओवाल्यांच्या खोलीत रात्री डोकावावे, तर कानांना हेडफोन लावून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ऐकत बसलेला कोणी ना कोणी सापडतोच.

तारघरातले यंत्र कट्ट-कडकट्ट वाजे. रेडिओवर मात्र तिची बारीक शीळ होते. आखूड तो ‘डिट’, त्याच्या तिप्पट लांब तो ‘डा’. आपल्याकडच्या अनेक केंद्रांच्या संकेतनामाचा आरंभ, ‘व्ही यू टू’, असा उमटतो: डिडिडिडा, डिडिडा, डिडिडाडाडा. टिंबे आणि रेघा कागदावर मोजून शिकणारा पुढे पस्तावतो, कारण मिनिटाला २० शब्दांचा ओघ सुरू झाला की मोजायला सवड उरत नाही. तबल्याचा बोल ओळखावा तसे अक्षर अखंड नादानेच ओळखावे लागते.

३० मेगाहर्ट्झखालच्या लहरी वापरायच्या तर ही विद्या पूर्वी परवान्यासाठी सक्तीची होती. ती सक्ती ठेवावी की उठवावी, हे २००३ च्या जिनीव्हा परिषदेने ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडले, आणि अमेरिकेने २००७ मध्ये ती उठविली. आपल्याकडेही कनिष्ठ दर्जाच्या परवान्याला तिची अट नाही. अट गेली, तरी हौस गेली नाही.

याचे कारण काटकसरीत शोधण्याचा प्रघात आहे, आणि तो निराधार नाही: बोलण्याला जिथे सुमारे अडीच किलोहर्ट्झ जागा लागते, तिथे मोर्सचे दीड-दोनशे हर्ट्झमध्ये भागते, आणि शक्ती अशी एकवटल्यामुळे पाच वॉट, म्हणजे झिरोच्या दिव्याहूनही कमी बळावर, वातावरण अनुकूल असेल तर समुद्रापलीकडे संदेश पोहोचतो. पण २०१७ पासून एफटी-८ नावाची संगणकी पद्धत कानाला न लागणारे क्षीण संकेतही टिपते. निव्वळ काटकसरीवर मोर्सने तिच्यापुढे तग धरला नसता. माझ्या मते खरे कारण हातात आहे. साध्या कळीवर कुणाचा ‘डा’ किंचित रेंगाळतो, कुणाचे दोन शब्द एकमेकांना खेटतात, आणि जुना स्नेही नाव सांगण्याआधीच ओळखू येतो.

नवशिका अडखळत साद घालतो तेव्हा वाकबगार माणूस आपली गती उतरवून त्याच्याच चालीने उत्तर देतो, हा या मंडळींचा शिरस्ता. शेवटी ‘७३’, म्हणजे शुभेच्छा. मग जाता जाता दोघेही एकमेकांना ‘डिट डिट’ वाजवून दाखवितात. त्याला अर्थ काही नाही, पायरी उतरल्यावर मागे वळून हात हलवावा, तसे ते असते.