वेग वाढतो म्हणजे नेमके काय वाढते?

अहिल्यानगर शहरात सावेडीपासून केडगावपर्यंत हल्ली एकाच खांबावरून चार-पाच कंपन्यांच्या काळ्या केबली गेलेल्या दिसतात. प्रत्येकीचा माणूस दारात येऊन सांगतो, '१०० एमबीपीएस सोडा, ३०० घ्या, नेट तिप्पट पळेल.' आकडा तिप्पट होतो हे खरे, पण पळण्यात मात्र काडीचाही फरक पडत नाही.

नगरहून मुंबई रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढे अंतर तो सव्वा मिलिसेकंदात कापतो. गंमत अशी, की जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून जाणारा विद्युत संदेशही जवळपास त्याच चालीने जातो. मग फायबरने वाढते काय? एका सेकंदात किती बिट सोडता येतात, आणि दूरवर गेल्यावर त्यातले किती ओळखू येतात, या दोनच गोष्टी.

तांब्याची अडचण नेमकी इथे होती. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पोहोचला की तिचे काम झाले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मोडेम याच आवाजाच्या पट्ट्यातून किरकिरत माहिती पाठवायचे. पुढे ब्रॉडबँड आले आणि त्याच तारेतून २२ लाख हर्ट्‌झपर्यंतच्या लहरी सोडल्या जाऊ लागल्या. पण लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितक्या त्या तांब्यात लवकर विरतात. त्यामुळे एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला २४ एमबीपीएसपर्यंत मजल मारता यायची आणि चार-पाच किलोमीटरवरच्या घराची दोन-तीनवर बोळवण व्हायची. वाटेतल्या जोडात पावसाचे पाणी शिरले, की तेवढेही नाही. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली.

काचेतून संदेश पाठवायची कल्पना मात्र सुरुवातीला हास्यास्पद वाटावी अशीच होती. १९६०च्या दशकातल्या काचतंतूंत प्रकाश काही मीटरांत निम्मा व्हायचा. इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काओ यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ मध्ये दाखवून दिले, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोखंडासारख्या अशुद्धींचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला, तरी टेलिफोनचे काम भागेल, असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये ती पातळी ओलांडली. काओ यांना २००९ चे नोबेल मिळाले. आज दूर पल्ल्याच्या तंतूत किलोमीटरमागे ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक राहतो. ५० किलोमीटर गेल्यावरही दहावा हिस्सा हाती लागतो.

हा तंतू जोडताना एकदा जवळून पाहावा. लाइनमन केबलचे काळे आवरण सोलतो, आतल्या तंतूवरचा रंगीत थर खरवडून काढतो आणि स्पिरिटने तो पुसतो. उघडी पडलेली काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश जातो तो तिच्याही गाभ्यातून, आणि तो गाभा अवघा ९ मायक्रॉन. गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा किंचित जास्त असल्याने प्रकाश आतच कोंडला जातो. लाइनमन दोन्ही टोके काटकोनात कापतो आणि स्प्लायसिंग मशीनच्या खाचेत ठेवतो. पडद्यावर दोन पांढरे दांडे सरकत समोरासमोर येतात, विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. मशीन लगेच नुकसान दाखवते: ०.०२ डेसिबल. जोड चांगला असेल तर त्यात अर्धा टक्का प्रकाशही वाया जात नाही.

खांबावरच्या डबीत याच तंतूचे स्प्लिटर वाटे करतो, बहुधा ३२ किंवा ६४ घरांसाठी. स्प्लिटरला वीज लागत नाही. तो फक्त प्रकाश विभागतो. एक्स्चेंजमधून निघालेल्या प्रकाशाचा सहाशेवा भाग जरी तुमच्या घरच्या डबीपर्यंत पोहोचला, तरी ती तो वाचू शकते. येणारी माहिती सगळ्या घरांना एकदमच पोहोचते, कुलूपबंद असते, आणि प्रत्येक घराची डबी आपल्यापुरती उघडते. जाणाऱ्या माहितीचे मात्र तसे नाही. दोन घरांनी एकाच वेळी प्रकाश सोडला तर संदेश एकमेकांत मिसळतील. म्हणून मुळा धरणाच्या कालव्यावर आवर्तनात जशी प्रत्येक शेताला पाणीपाळी ठरवून दिलेली असते, तशी एक्स्चेंजमधले यंत्र प्रत्येक घराला पाळी लावून देते. ही पाळी सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याच्या हिशेबात चालते आणि ज्याच्याकडे पाठवायला जास्त आहे, त्याला त्या घटकेला जास्त मिळते. नेहमीच्या जी-पॉन पद्धतीत येण्याच्या दिशेने २.५ गिगाबिट आणि जाण्याच्या दिशेने १.२५ गिगाबिट अशी सगळ्यांची मिळून क्षमता असते. रात्री नऊला सगळी गल्ली सिनेमा पाहायला बसली की चिमटा बसतो तो इथे, किंवा कंपनीने पुढे कमी क्षमतेची जोडणी घेतली असेल तर तिथे.

१७ हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात, क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात, पारनेर-पाथर्डीकडे शेतातच वस्ती करून राहणारी कुटुंबे पुष्कळ. एक्स्चेंजपासून १५ किलोमीटरवरचे घरही जी-पॉनच्या २० किलोमीटरच्या टप्प्यात बसते; तांब्याला हे कधीच जमले नसते. अडते ते चार घरांसाठी खांब रोवण्याच्या आणि चर खणण्याच्या खर्चावर. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट नावाने ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत तंतू नेण्यासाठी आहे. तिथून वस्तीपर्यंतचा हिशेब वेगळाच राहतो. अकोले तालुक्याच्या डोंगरात तर तो आणखी अवघड.

आता घरात या. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. एक जीबीचा सिनेमा ८० सेकंदांत उतरतो. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला ५ आणि फोर-केला साधारण २५ एमबीपीएस पुरतात. चौघांच्या घराला १००चा प्लॅन भरपूर झाला. तरीही आतल्या खोलीत चक्र फिरत असेल, तर दोष बहुधा भिंतीत असतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातल्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या, ५ गिगाहर्ट्‌झच्या त्याच्या निम्म्याहून लहान. लहान लहरी जास्त माहिती नेतात, पण भिंत ओलांडताना लवकर थकतात. माळीवाड्यातल्या जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीपुढे त्यांचा निभाव लागत नाही. नव्या फ्लॅटमध्ये स्लॅबमधली सळई आणि लोखंडी कपाट तेच काम करतात. २.४चा पट्टा भिंतीपार जातो, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आणि शेजाऱ्यांचे राउटर डझनभर.

दुसरी खोट केबलमध्ये सापडते. राउटरच्या केबलीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसपर्यंत त्यातल्या चारच लागतात, त्यापुढे आठही. टोकाचे क्रिंपिंग करताना एक तार नीट बसली नाही, तरी दिवा लागतो, नेट चालते आणि ३००चे पैसे भरून हाती ९४ येतात.

फायबरचा एक फायदा नगरकरांना वळवाच्या पावसात कळतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे तारेवाटे वीज येऊन मोडेम जळण्याची भीती बरीच कमी झाली. केबलीतली आधाराची पोलादी तार तेवढी घराबाहेरच सोडवून ठेवायची. तोटाही आहे. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळायची. फायबरची डबी घरची लाइट गेली की बंद. भारनियमनात ती इन्व्हर्टरवर किंवा छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर हवीच.

म्हणून मोठा प्लॅन घेण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि रात्री नऊला वेग मोजा. तिथे कबूल केलेला आकडा मिळाला आणि खोलीत मिळाला नाही, तर जास्तीचे पैसे कंपनीला देऊन उपयोग नाही. राउटर टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवा. वाडा मोठा असेल तर आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा बसवा. केबलवरही आकडा कमी आला, तर आधी ती केबल बदलून पाहा, आणि मगच तक्रार नोंदवा. ती नोंदवताना लाइनमनला आपल्या डबीपर्यंत किती डेसिबल प्रकाश पोहोचतो ते मोजायला सांगा. उणे २७च्या आसपास आकडा दिसला, तर खोट बाहेरच्या लाइनमध्ये आहे आणि ती दुरुस्त करणे कंपनीचे काम आहे.